परळच्या म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात १९६८ साली हृदय बदललं गेलं, त्याच्या मागे नागपुरात शिकलेला एक बंगाली डॉक्टर होता

१९६८चा फेब्रुवारी महिना. गिरणगाव तेव्हा जोरात होता. भोंग्यावर पाळ्या बदलायच्या, परळच्या रस्त्यावर माणसांचे लोंढे वाहायचे. याच परळमध्ये केईएम हॉस्पिटल. मालक मुंबई महापालिका, पेशंट बहुतेक गरीब, आणि खाटा कायम कमी.

तर या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्या महिन्याच्या मध्यात एका माणसाचं हृदय काढून दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवलं गेलं.

नीट लक्षात घ्या, जगातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. ३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ते केलं आणि जगभरच्या पेपरांचं पहिलं पान भरून गेलं. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कॅन्ट्रोविट्झ यांनी एका तान्ह्या बाळावर प्रयत्न केला. जानेवारीत स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे यांनी केलं. बर्नार्ड आणि कॅन्ट्रोविट्झ यांनी दुसऱ्यांदाही करून बघितलं. अशी पाच झाली, आणि सहावं थेट परळला.

ते करणाऱ्या सर्जनचं नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. असं ऑपरेशन करणारे ते जगातले चौथे सर्जन.

आता पेशंटचं काय झालं? तो तीन तास जगला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर सेन यांचं नाव एखाद्या जीके प्रश्नाचं उत्तर म्हणून राहिलं असतं. पण दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेच्या पाठोपाठ, पुष्कळ श्रीमंत देशांच्या आधी, एका महापालिकेच्या हॉस्पिटलला हे करावंसं वाटलं कसं आणि करता आलं कसं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्या एका रात्रीत सापडत नाही. ते शोधायला आधीची वीस वर्षं बघावी लागतात, आणि सेन यांनी भोवती जमवलेली पोरं बघावी लागतात.

हावडा ते मुंबई, व्हाया नागपूर

सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ चा, कलकत्त्याचा. शाळेचं शिक्षण मात्र नागपुरात. पुढे मेडिकलला मुंबई. म्हणजे या माणसाचं सगळं आयुष्य हावडा-मुंबई या एकाच रेल्वे लाइनवर मांडलेलं आहे. एका टोकाला जन्म, मध्ये बालपण, दुसऱ्या टोकाला काम.

भंडाऱ्याच्या लोकांना ही लाइन चांगली ठाऊक आहे, भंडारा रोड स्टेशन तिच्यावरच आहे. आणि अड्याळ, पवनी या भागातल्या माणसाला तेव्हा हृदयाचं काही निघालं, तर वाटही हीच होती. आधी नागपूर, तिथे जमलं नाही तर मुंबई. तेही पैसे आणि वेळ हाताशी असेल तर.

नागपुरात वाढलेला हुशार मुलगा डॉक्टर व्हायला मुंबईला का गेला असेल, याचं एक साधं कारण दिसतं. नागपूरला तेव्हा रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं, पण तिथे डिप्लोमा मिळायचा. डिग्री देणारं मेडिकल कॉलेज नागपुरात आलं ते १९४७ साली.

सेन यांनी प्रवेश घेतला सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजला. लोक त्याला जीएस म्हणतात, आणि केईएम हे त्याचंच हॉस्पिटल. १९२६ साली सुरू झालेल्या या कॉलेजची जन्मकथा भारी आहे. देणगी देणाऱ्या ट्रस्टींनी अट घातली होती की इथे नोकरीवर फक्त भारतीयच घ्यायचे. इंग्रजांच्या राज्यात सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या मोठ्या खुर्च्या गोऱ्या साहेबांच्या असायच्या, त्या काळातली ही अट. पहिले डीन होते डॉ. जीवराज मेहता, गांधीजींच्या जवळचे आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले तेच. आपल्या माणसांनी आपल्याच जागेत जगाच्या तोडीचं काम करून दाखवायचं, ही जिद्द त्या इमारतीच्या पायातच होती. सेन घडले ते याच हवेत.

बोटाने उघडलेली झडप

१९४९ साली सेन यांना रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते फिलाडेल्फियाला गेले. वेळ अशी साधली की विचारू नका. आदल्याच वर्षी, १९४८ साली, याच शहरात चार्ल्स बेली यांनी हृदयाची आकसलेली झडप आतून मोकळी करून पेशंट जगवला होता. तोवर हृदयाला हात लावायचा नाही, असंच सर्जन शिकत आले होते.

ही आकसलेली झडप म्हणजे आपल्याकडचं फार जुनं दुखणं. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, आणि मग सगळं बरं झाल्यासारखं वाटतं. पण काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच हृदयावर उलटते. झडपा जाड होतात, एकमेकींना चिकटतात. दहा-पंधरा वर्षांनी तोच मुलगा जिना चढताना धापा टाकायला लागतो. बाई असेल तर पहिल्या बाळंतपणात जीव धोक्यात येतो. याला ऱ्हुमॅटिक हृदयरोग म्हणतात. दाटीवाटीच्या खोल्यांतून हा आजार जास्त फिरतो, आणि गिरणगावातल्या चाळींना दाटीवाटी काय असते हे कुणी सांगायची गरज नव्हती.

यावरचं तेव्हाचं ऑपरेशन ऐकायला भयानक वाटतं. हृदय धडधडत असतानाच त्याच्या वरच्या कप्प्याच्या कडेला छोटी चीर द्यायची, तिथून बोट आत घालायचं, आणि चिकटलेली झडप बोटाने चाचपून फाडायची. दिसत काही नाही, सगळा भरवसा स्पर्शावर. पण पेशंट उठून चालायला लागायचा.

मुंबईला परतल्यावर १९५०च्या दशकात सेन यांनी केईएममध्ये हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सर्जरीचा विभाग उभा करायला घेतला. बोटाने झडप उघडायचं काम तर सुरू झालंच. पण हृदयाच्या आतलं भोक शिवायचं असेल तर बोट पुरत नाही. हृदय थांबवावं लागतं, उघडून बघावं लागतं. आणि तोवर शरीराला रक्त कोण पुरवणार?

डॉलर नाहीत, मशीन नाही

ते काम हार्ट-लंग मशीन करतं. रक्त बाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा आणि परत शरीरात सोडायचं. अमेरिकेत मिनियापोलिसला १९५५ साली अशी यंत्रं तयार झाली, दोनेक वर्षांत बाजारातही आली.

पण भारताकडे परकीय चलनाचा खडखडाट. बाहेरून काही मागवायचं म्हणजे परवान्यांची रांग. अशा वेळी मुंबईत दोन सर्जन दोन वेगळ्या वाटांनी निघाले. डॉ. केर्सी दस्तूर यांनी पारशी समाजातल्या ओळखी वापरल्या, इथलेच कारागीर आणि कारखानदार धरले आणि मशीन इथेच बनवून घेतलं. सेन यांनी रॉकफेलर फाउंडेशनची मदत घेतली, परदेशात ट्रेनिंग आणि परदेशी कंपन्यांचं यंत्र या मार्गाने गेले. १९६२ साली दोघांच्याही हॉस्पिटलांत मशीनवर ओपन हार्ट सर्जरी झाली.

कुणाची वाट बरोबर होती यावर वाद घालता येईल. देशी यंत्राचं कौतुक तेव्हाही जास्त झालं आणि ते साहजिक होतं. पण दोघांनाही एक गोष्ट सारखीच भोगावी लागली. मशीन हातात आलं म्हणून ते चालवता येत नाही. रक्त किती वेगाने फिरवायचं, त्यात हवेचा बुडबुडा कसा जाऊ द्यायचा नाही, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत पूर्ण लिहिलेलं नसतं. आधी कुत्र्यांवर, मग माणसांवर, चुकत चुकत शिकावं लागलं. यात जीव गेले. हे आज वाचायला जड जातं, पण जगातल्या कुठल्याच हॉस्पिटलमध्ये ही सर्जरी याशिवाय उभी राहिली नाही.

पेपरवरची नावं

सेन यांना ओळखायचं असेल तर त्यांच्या शोधनिबंधांवरची नावं वाचावीत. वैज्ञानिक पेपरवर लेखकांची यादी असते. बाकीच्यांना ती कंटाळवाणी वाटते, पण कोण कुणाला सोबत घेऊन चाललंय हे तिच्यातून बरोबर कळतं.

१९६३ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक पेपर आला. विषय होता शरीराची मुख्य धमनी मधल्या भागात आकसण्याचा आजार. पेशंट तरुण. हाताचं ब्लड प्रेशर प्रचंड वाढलेलं, पायांची नाडी मात्र कशीबशी लागते. कारण मधल्या वाटेतच पाइप चिंचोळा झालाय. युरोप-अमेरिकेत हा प्रकार क्वचित दिसायचा, केईएमच्या वॉर्डात मात्र असे पेशंट येत होते. या आजाराला मिडल एऑर्टिक सिंड्रोम हे नाव घेऊन लिहिलेल्या त्या पेपरवर सेन यांच्यासोबत नावं आहेत किनारे, इंजिनिअर आणि परुळकर यांची.

१९६५ साली अमेरिकेतल्या छातीच्या सर्जरीच्या जर्नलमध्ये दुसरा पेपर. नावं सेन, उडवाडिया, किनारे, परुळकर.

त्याच वर्षी इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये तिसरा. सेन, परुळकर, पांडे, किनारे.

यातलं किनारे हे नाव पुन्हा पुन्हा येतंय बघा. एस. जी. किनारे सर्जन नव्हत्या, त्या पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून नेमकं काय बिघडलं ते सांगणाऱ्या. बऱ्याच हॉस्पिटलांत सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांची भेट फक्त रिपोर्टच्या कागदावर होते. इथे पॅथॉलॉजिस्ट थेट टीमच्या आत होत्या. ऑपरेशन केलं, पेशंट किंवा प्राणी दगावला, तर का दगावला हे शोधणारा माणूस त्याच पेपरचा लेखक असायचा. आपल्या चुकांवर बोट ठेवणाऱ्यालाच शेजारी बसवायचं हे पुढाऱ्याला सोपं नसतं. किनारे यांनी पुढे धमन्यांना सूज येण्याच्या आजारांवर आयुष्यभर काम केलं आणि या विषयात त्यांचं नाव झालं.

सापाच्या हृदयाची आयडिया

१९६५च्या त्या उडवाडियांसोबतच्या पेपरची गोष्ट सगळ्यात भन्नाट आहे.

आपलं हृदय शरीरभर रक्त ढकलतं, पण स्वतःच्या स्नायूला लागणारं रक्त ते बाहेरून गुंडाळलेल्या कोरोनरी धमन्यांतून घेतं. या धमन्या तुंबल्या की स्नायू उपाशी राहतो आणि हार्ट अटॅक येतो. म्हणजे हौद पाण्याने तुडुंब भरलेला आणि त्याची भिंत मात्र कोरडी.

सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र वेगळी सोय असते. त्यांच्या हृदयाची भिंत स्पंजसारखी सच्छिद्र असते. आतल्या कप्प्यातलं रक्त थेट भिंतीत झिरपतं आणि स्नायूला मिळतं. (परळला साप काही नवे नव्हते म्हणा, सर्पदंशावरची लस बनवणारी हाफकिन संस्था तिथेच आहे.)

सेन यांच्या टीमने विचार केला, माणसाच्या हृदयालाही अशी भोकं पाडली तर?

मग कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग सुरू झाले. कोरोनरी धमनी बांधायची, आणि त्या भागातल्या स्नायूला बाहेरून आतल्या कप्प्यापर्यंत सुयांनी बारीक भोकं पाडायची. बाहेरचं तोंड थोडा वेळ दाबून धरलं की बंद होतं, आतलं उघडं राहतं. रक्त आतून स्नायूत शिरावं ही कल्पना. नाव दिलं ट्रान्समायोकार्डियल ॲक्युपंक्चर. आज सर्रास होणारी बायपास सर्जरी तेव्हा रुळलेली नव्हती, तिचा रस्ता १९६७ साली रेने फावालोरो यांनी मोकळा केला. त्यामुळे तुंबलेल्या हृदयासाठी काहीतरी करायला हवं, यावर जगभर डोकी चालली होती. त्यात परळचंही एक डोकं होतं.

ही आयडिया चालली का? सुईची भोकं कालांतराने बुजतात, हे लक्षात आलं. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत महमूद मिरहोसैनी यांनी सुईऐवजी लेझर वापरून हीच वाट पुन्हा धरली, आणि १९९८ साली तिथल्या एफडीएने लेझरच्या उपचाराला परवानगीही दिली. नंतर कळलं की लेझरची भोकंही बुजतात, आणि पेशंटला बरं वाटत असेल तर त्याचं कारण वेगळं असावं. हा उपचार आता मागे पडला आहे. तरीही त्या विषयाचा इतिहास लिहिताना परळच्या त्या पेपरचा उल्लेख टाळता येत नाही.

त्यातले तरुण टेहमटन उडवाडिया पुढे हृदयाच्या वाटेने गेलेच नाहीत. ते जेजे हॉस्पिटलला पोटाचे सर्जन झाले आणि भारतात दुर्बिणीच्या ऑपरेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. दुर्बिणीने पित्ताशय काढायचं भारतातलं पहिलं ऑपरेशन त्यांनी १९९० साली केलं. लोक नाही म्हणत असताना नवी पद्धत करून बघायची सवय कुठे लागली असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

शंभर कुत्री

आता परुळकर, पांडे आणि किनारे यांच्यासोबतचा तो तिसरा पेपर. त्याचा विषय होता कुत्र्यांमधलं हृदय-प्रत्यारोपण, १०० प्रयोगांचा प्राथमिक अहवाल.

साल १९६५. बर्नार्ड यांच्या दोन वर्षं आधी.

म्हणजे १९६८ साली परळला जे झालं ते बर्नार्डची बातमी वाचून अंगात आलेलं वारं नव्हतं. ही टीम एकाचं हृदय काढून दुसऱ्यात बसवायचा सराव कित्येक वर्षं करत होती. सेन सोव्हिएत रशियालाही जाऊन आले होते. तिथे व्लादिमीर डेमिखोव्ह कुत्र्यांवर प्रत्यारोपणाचे अचाट प्रयोग करायचे. ते शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकन फाउंडेशनचे पैसे घेणारा आणि रशियन प्रयोगशाळेत जाऊन शिकणारा, दोन्ही दारं उघडी ठेवणारा हा माणूस होता. अलिप्ततेचं धोरण नेहरूंनी राबवलं ते दिल्लीत, सेन यांनी ते परळच्या डॉग लॅबमध्ये राबवलं असं म्हणायला हरकत नाही.

आणि ट्रान्सप्लांट काही एका सर्जनचा खेळ नाही. एकाच वेळी दोन थिएटर लागतात. एक टीम हृदय काढते, दुसरी बसवते. मशीन चालवणारे वेगळे, भूल देणारे वेगळे, रक्ताच्या तपासण्या करणारे वेगळे. एकाचा हात मागे राहिला तर सगळं वाया. शंभर कुत्र्यांवर काम करताना फक्त टाके घालायचा सराव झाला नव्हता, कुणी केव्हा काय करायचं हे या तरुणांच्या अंगवळणी पडलं होतं.

तीन तास

फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएमला एक तरुण शेतकरी भरती होता. त्याच्या हृदयाचा स्नायूच निकामी होत गेला होता. या आजाराला कार्डिओमायोपथी म्हणतात. यात झडप दुरुस्त करून किंवा भोक शिवून काही होत नाही, पंपच ढिला पडलेला असतो. आजही शेवटच्या टप्प्यात यावर खरा उपाय म्हणजे दुसरं हृदय.

त्याच वेळी डोक्याला जबर मार लागलेली एक तरुणी हॉस्पिटलात होती. ती वाचणार नव्हती.

इथे सगळ्यात अवघड प्रश्न होता कायद्याचा. मेंदू मेला आहे पण हृदय चालू आहे, अशा माणसाला मृत म्हणायचं का? भारतात तेव्हा याबद्दल कायदा नव्हता. अमेरिकेत हार्वर्डच्या समितीने मेंदू मृत्यूची व्याख्या मांडली तीसुद्धा त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. म्हणजे सेन यांना नकाशा नसलेल्या रानातून जायचं होतं. हॉस्पिटल, महापालिका, सरकार, सगळ्यांशी बोलणी करत, समजावत त्यांनी वाट काढली.

ऑपरेशन झालं. नवं हृदय चाललंही. पण पेशंटच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब आधीच खूप वाढलेला होता. अशा आजाऱ्याचं जुनं हृदय वर्षानुवर्षं त्या दाबाशी झगडत असतं. बाहेरून आणलेल्या निरोगी हृदयाच्या उजव्या बाजूला मात्र त्याची सवय नसते, ती थकते आणि फुगते. तीन तासांत सगळं संपलं. आज ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव घालायच्या आधी फुफ्फुसातला हा दाब नळी घालून मोजतात, फार जास्त असेल तर फक्त हृदय बदलत नाहीत. तेव्हा हे शहाणपण जगात कुणाकडेच पुरतं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये टीमने दुसरा प्रयत्न केला. तो पेशंट १४ तास जगला.

कौतुकही झालं, टीकाही

सेन यांचं जगभर नाव झालं. १९६९ साली पद्मभूषण मिळालं. परदेशी सर्जन परळचं नाव घ्यायला लागले.

पण एक प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो चुकीचा नव्हता. जिथे एका खाटेवर दोन पेशंट झोपवावे लागतात, जिथे साध्या उपचारासाठी माणसं व्हरांड्यात ताटकळतात, तिथे हा खर्च कशासाठी? अड्याळच्या एखाद्या पोराला घशाच्या तापावर वेळेत पेनिसिलिन मिळालं असतं तर त्याची झडपच आकसली नसती, आणि ते पेनिसिलिन फार स्वस्त होतं. ट्रान्सप्लांटच्या पैशात अशी किती पोरं वाचली असती, हा हिशोब कुणालाही करता येतो.

दुसरी बाजू अशी की त्या एका ऑपरेशनसाठी जी टीम तयार झाली ती दुसऱ्या दिवशी घरी गेली नाही. तीच माणसं झडपा बदलत राहिली, जन्मजात भोकं शिवत राहिली, पुढच्या पोरांना शिकवत राहिली. पण म्हणून पहिला प्रश्न मिटत नाही. तो अजूनही मिटलेला नाही.

आणि हे फक्त भारतातलं दुखणं नव्हतं. १९६८ या एका वर्षात जगभरात शंभरच्या वर हृदयं बदलली गेली आणि बहुतेक पेशंट लवकरच दगावले. बर्नार्ड यांचा पहिला पेशंट १८ दिवस जगला होता, शमवे यांचा दोन आठवडे. परकं हृदय शरीर नाकारतं, आणि ते नाकारणं थोपवणारी चांगली औषधं नव्हती. बहुतेक सर्जननी हात आखडता घेतला. शमवे मात्र स्टॅनफर्डला चिकाटीने मागे लागले. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध हाताशी आलं आणि मग चित्र पालटलं.

सेन यांना ते बघायला मिळालं नाही. ते चित्रंही काढायचे, रंगांत रमणारा माणूस होता. २२ जुलै १९८२ ला ते गेले.

मधली छप्पन्न वर्षं

त्यांच्या नंतर केईएममधला विभाग जी. बी. परुळकर यांनी सांभाळला. शरद पांडे मुंबईतले नामवंत हार्ट सर्जन झाले. त्या थिएटरात तयार झालेल्यांनी आणखी सर्जन तयार केले, ते राज्यभर आणि राज्याबाहेर पसरले.

ट्रान्सप्लांट मात्र थांबलं ते थांबलंच. मेंदू मृत्यूला मान्यता देणारा अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला १९९४ साली, आणि राष्ट्रपतींची सही झाल्यावर महिन्याभरातच, ३ ऑगस्टला, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हार्ट ट्रान्सप्लांट केलं. सेन यांच्या प्रयत्नानंतर २६ वर्षांनी. मुंबईला तर त्याहून जास्त थांबावं लागलं. इथे पुन्हा हृदय बसवलं गेलं ते २०१५ साली, मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये.

आता नागपूरलाही अवयवदानाचं विभागीय केंद्र आहे. भंडारा जिल्ह्यातला कुणी मेंदूमृत झाला आणि घरच्यांनी होकार दिला, तर त्याचे अवयव कुणाला द्यायचे ते तिथून ठरतं. पोलीस रस्ता मोकळा करतात, विमान थांबवून ठेवतात. सेन मुंबईला आले तेव्हा नागपूरहून मुंबई म्हणजे रात्रभराची रेल्वे होती. काढलेलं हृदय साधारण चार तासच तग धरतं.

आणि परळ? जुलै २०२४ मध्ये केईएमने पुन्हा हार्ट ट्रान्सप्लांट केलं. ३८ वर्षांचा पेशंट, तेच महापालिकेचं हॉस्पिटल, मधे ५६ वर्षं गेलेली. या वेळी पेशंट वाचला.